अग्रणी महिला वैमानिक

उड्डाणाचा परवाना, वैमानिकाची नोकरी, प्रवासी विमानाचे कप्तानपद आणि लढाऊ विमानाचे सारथ्य या क्षेत्रांत प्रथम प्रवेश करणाऱ्या स्त्रियांना अग्रणी महिला वैमानिक असे म्हटले जाते. या टप्प्यांमधील अंतर फार मोठे आहे. राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीला परवाना मिळाला. मात्र विमान कंपनीत टिकून राहता येईल अशी नोकरी मिळण्यास बहुतेक देशांत पुढे अनेक दशके जावी लागली.

जगातील पहिला महिला वैमानिक परवाना ८ मार्च १९१० रोजी फ्रान्सच्या रेमोंद द लारोश यांना मिळाला. त्याचा क्रमांक ३६ होता. परवाने त्या काळी सरकार नव्हे, तर हौशी उड्डाण मंडळे देत. शुल्क भरून चाचणी उत्तीर्ण होणाऱ्यास नाकारण्याचे त्यांना फारसे कारण नव्हते, त्यामुळे ऐपत असलेल्या स्त्रियांसाठी हा दरवाजा तुलनेने लवकर उघडला. तो सर्वांसाठी उघडला नाही, हे बेसी कोलमन यांच्या उदाहरणावरून दिसते. कृष्णवर्णीय असल्याने अमेरिकेतील प्रशिक्षण संस्थांनी त्यांना प्रवेश दिला नाही. तेव्हा त्या फ्रेंच शिकून फ्रान्सला गेल्या आणि १९२१ मध्ये तेथून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊनच परतल्या.

अमेरिकेच्या हॅरिएट क्विम्बी यांनी १६ एप्रिल १९१२ रोजी इंग्लिश खाडी एकट्याने विमानातून ओलांडली. आदल्याच दिवशी टायटॅनिक जहाज बुडाल्याने वृत्तपत्रांत त्यांच्या पराक्रमाला जेमतेम जागा मिळाली. पुढे एमी जॉन्सन यांनी १९३० मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा प्रवास कराची, झाशी, कोलकाता असे थांबे घेत एकटीने पूर्ण केला, तर अमेलिया इअरहार्ट यांनी १९३२ मध्ये अटलांटिक महासागर एकटीने पार केला. जॉन्सन यांच्याकडे विमान दुरुस्तीचा परवानाही होता, ही बाब त्यांच्या कीर्तीत बहुधा झाकली जाते.

विक्रमांना टाळ्या मिळत, नोकरी मात्र मिळत नसे. हेलन रिची यांना १९३४ च्या अखेरीस अमेरिकेतील एका विमान कंपनीने सहवैमानिक म्हणून घेतले. परंतु वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सदस्यत्व नाकारले, आणि खराब हवामानात स्त्रीने विमान चालवू नये असा आग्रह वाढत गेल्याने त्यांच्या वाट्याला मोजकीच उड्डाणे येऊ लागली. वर्षभराच्या आतच त्यांनी राजीनामा दिला. कौशल्याचा अभाव हे यामागचे कारण नव्हतेच, हे दुसऱ्या महायुद्धाने सिद्ध केले. ब्रिटनमध्ये स्त्रिया कारखान्यांतून स्पिटफायरसारखी विमाने हवाई तळांवर पोहोचवीत आणि १९४३ पासून त्यांना पुरुषांइतकेच वेतन मिळू लागले. सोव्हिएत संघाच्या ५८८ व्या रात्रकालीन बॉम्बफेकी पथकातील स्त्रियांनी लाकूड व कापडाच्या पो-२ विमानांतून हजारो मोहिमा पार पाडल्या. युद्ध संपताच बहुतेकींना घरी पाठविण्यात आले. अमेरिकेत तर लष्करासाठी विमाने चालविणाऱ्या स्त्रियांना सैनिकाचा दर्जा मिळण्यास १९७७ साल उजाडावे लागले.

भारतात १९३२ मध्ये उर्मिला पारीख यांनी वैमानिक परवाना मिळविला. तरी लोकप्रिय लेखनात पहिल्या भारतीय महिला वैमानिकाचा मान बहुधा सरला ठकराल यांना दिला जातो. त्यांनी १९३६ मध्ये एकविसाव्या वर्षी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने चालविले होते. व्यावसायिक परवान्यासाठीचे त्यांचे प्रशिक्षण महायुद्धामुळे थांबले. देशातील पहिली व्यावसायिक महिला वैमानिक होण्याचा मान प्रेम माथुर यांचा. अनेक कंपन्यांनी नकार दिल्यानंतर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सेवेत घेतले. इंडियन एअरलाइन्समध्ये दुर्बा बॅनर्जी पहिल्या महिला वैमानिक ठरल्या.

मराठी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे असे नाव कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता–सिल्चर मार्गावर फॉकर फ्रेंडशिप विमानाचे उड्डाण त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. निवेदिता भसीन सहवैमानिक होत्या आणि दोन्ही वैमानिक स्त्रिया असलेले हे देशातील पहिले प्रवासी उड्डाण मानले जाते. भसीन यांनी १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मुंबई–औरंगाबाद–उदयपूर मार्गावर जेट विमानाचे कप्तानपद भूषविले. हवाई दलात हरिता कौर देओल यांनी १९९४ मध्ये एकटीने विमान चालविले. लढाऊ विभाग मात्र स्त्रियांसाठी २०१६ मध्येच खुला झाला, आणि अवनी चतुर्वेदी यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये मिग-२१ चे एकल उड्डाण केले.

भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण आज सुमारे १५ टक्के, म्हणजे जागतिक सरासरीहून कितीतरी अधिक आहे. ठाणे व नवी मुंबईतून या व्यवसायाकडे वळणाऱ्या मुलींसमोरील प्रश्न आता नियमांपेक्षा पैशाचा अधिक असतो. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी आणि नागरी विमानचालन महासंचालनालयाच्या परीक्षा यांखेरीज व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते, आणि एकूण खर्च लाखो रुपयांत जातो. पूर्वी मुंबईकरांसाठी उड्डाणशिक्षण म्हणजे जुहू असे समीकरण होते. आता बारामती, धुळे, गोंदिया येथे जाऊन राहावे लागते. उलवे-पनवेल परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली असली, तरी प्रवासी विमानांच्या वर्दळीत शिकाऊ विमानाला पुन्हा पुन्हा उतरण्या-चढण्याचा सराव करता येत नाही, त्यामुळे घराजवळ विमानतळ आल्याने हे स्थलांतर टळत नाही.