अमेरिकेतला गर्भपाताचा हक्क : कोर्टाने दिला, कोर्टानेच काढून घेतला

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डॉब्स खटल्याचा निकाल दिला आणि ४९ वर्षे देशभर लागू असलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क एका दिवसात संपला. त्यासाठी संसदेत मतदान झालं नाही, कारण हा हक्क संसदेने दिलेलाच नव्हता. तो कोर्टाच्याच १९७३ च्या एका निकालावर, 'रो विरुद्ध वेड'वर, उभा होता. या सगळ्या वादाची मेख इथेच आहे.

जुन्या इंग्लिश कायद्याच्या परंपरेत पोटातल्या बाळाची हालचाल आईला जाणवेपर्यंत गर्भपात हा गुन्हा धरला जात नसे. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच चालत होतं. कडक कायदे नंतर आले, आणि त्यासाठी सर्वांत जास्त रेटा लावला तो चर्चने नव्हे, डॉक्टरांनी. १८४७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षांनी होरॅशिओ स्टोरर या डॉक्टरने गर्भपाताविरुद्ध मोहीम उघडली. शतक संपेपर्यंत जवळपास प्रत्येक राज्यात बंदी आली होती. हा हक्क देशाच्या इतिहासात आणि परंपरेत मुरलेला नाही, हाच आधार डॉब्सच्या निकालात न्यायमूर्ती अलिटो यांनी घेतला. पण इतिहास कुठून मोजायला लागायचा, यावर उत्तर बदलतं.

१९६५ मध्ये कनेक्टिकटच्या एका खटल्यात कोर्टाने सांगितलं की विवाहित जोडप्याने संततिनियमनाची साधनं वापरावीत की नाही, यात सरकारने पडू नये. घटनेत खासगीपणाचा हक्क शब्दशः लिहिलेला नाही, पण तो तिच्या इतर तरतुदींतून निघतो, असं न्यायमूर्तींचं म्हणणं होतं. याच धाग्यावर पुढे 'रो विरुद्ध वेड' विणला गेला. टेक्सासची नॉर्मा मॅकॉर्व्ही 'जेन रो' या नावाने कोर्टात गेली. वेड म्हणजे डॅलसचे सरकारी वकील. २२ जानेवारी १९७३ रोजी ७ विरुद्ध २ असा निकाल लागला, तोवर नॉर्माचं बाळंतपण होऊन ते मूल दत्तकही गेलं होतं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन पूर्वी मेयो क्लिनिक या रुग्णालयाचे वकील होते आणि १९७२ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिथल्याच ग्रंथालयात बसून या विषयाचा अभ्यास केला होता. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत निर्णय बाईने आपल्या डॉक्टरशी बोलून घ्यावा, ही त्यांची मांडणी त्या अभ्यासाची साक्ष देते. त्यात डॉक्टर जागोजागी दिसतो, बाईची बरोबरी मात्र फारशी दिसत नाही.

त्याच सुमारास दुसरा एक खटला कोर्टाच्या दाराशी आला होता, आणि मला तो रोइतकाच महत्त्वाचा वाटतो. कॅप्टन सुझन स्ट्रक ही हवाई दलातली नर्स. व्हिएतनाममध्ये असताना तिला दिवस गेले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिच्यापुढे दोनच वाटा होत्या : गर्भपात करा, नाहीतर नोकरी सोडा. स्ट्रक कॅथलिक होती, तिला गर्भपात नको होता. साठलेल्या रजेत बाळंत होऊन मूल दत्तक द्यायची तिची तयारी होती. तिची बाजू वकील रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी घेतली. बाप होणाऱ्या पुरुषाला हवाई दल घरी पाठवत नाही, मग बाईलाच का, असा त्यांचा सवाल होता. मूल ठेवायचं की नाही हे सरकारने ठरवू नये, मग सरकारचा हट्ट कोणत्याही बाजूने असो. सुनावणी होण्याआधीच हवाई दलाने माघार घेतली आणि खटला निकाली निघाला. हक्काला समानतेचा पाया घालण्याची संधी तिथे हुकली, असं मला ठामपणे वाटतं. पुढे न्यायमूर्ती झाल्यावरही गिन्सबर्ग रोच्या निकालातली ही उणीव उघड बोलून दाखवत राहिल्या.

राजकारण पेटलं ते सावकाश. कॅथलिक चर्चचा विरोध आधीपासून होता. पण सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा द्यावी असा ठराव केला होता, आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर म्हणून रोनाल्ड रेगन यांची सही होती. १९८० पर्यंत दोघेही दुसऱ्या टोकाला गेले. १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरीब बायकांच्या गर्भपाताला मिळणारा केंद्राचा पैसा तोवर जवळपास बंदच केला होता. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांचा हक्क त्या दिवसापासून कागदावरच राहिला.

१९९२ च्या केसी खटल्यात रो उलटणार अशी बहुतेकांची खात्री होती. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या ओकॉनर, केनेडी आणि सूटर या तिघांनी तो वाचवला. मात्र राज्यांना अटी घालायची मोकळीक दिली, फक्त त्या अवाजवी जाचक नसाव्यात. त्यानंतर गर्भपातविरोधकांनी सगळं लक्ष न्यायमूर्तींच्या नेमणुकांवर दिलं. २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया वारले, तेव्हा ओबामांच्या उमेदवाराची सुनावणीच सेनेटने होऊ दिली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये गिन्सबर्ग गेल्या आणि निवडणूक तोंडावर असताना एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक उरकली. ट्रम्प यांनी चार वर्षांत तीन न्यायमूर्ती नेमले. मिसिसिपीच्या १५ आठवड्यांनंतरच्या बंदीचा खटला, म्हणजेच डॉब्स, याच कोर्टापुढे आला.

आपल्याकडे वाट वेगळी होती. शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर संसदेने १९७१ मध्येच गर्भपाताला मुभा देणारा कायदा केला. त्यातही अंतिम शब्द डॉक्टरचा आहे, ही त्याची मोठी मर्यादा. पण नवे न्यायमूर्ती आले म्हणून तो पुसला जात नाही.

डॉब्सनंतर निर्णय राज्यांकडे गेला आणि जिथे लोकांना थेट विचारलं गेलं, तिथे उत्तर अनेकदा अनपेक्षित आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये रिपब्लिकनांचा जोर असलेल्या कॅन्सस राज्याने हक्क काढून घेणारी दुरुस्ती फेटाळली. २०२३ मध्ये ओहायोने हक्क आपल्या राज्यघटनेत घातला. फ्लोरिडात २०२४ मध्ये हक्काच्या बाजूने ५७ टक्के मतं मिळूनही ६० टक्क्यांची अट आडवी आली. आता झगडा गर्भपाताच्या गोळ्यांवर आहे. मिफेप्रिस्टोन या अशाच गोळीविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये एकमताने फेटाळली, पण याचिकाकर्त्यांना दावा लावण्याचा अधिकारच नाही, एवढ्याच मुद्द्यावर. गर्भपाताची साधनं टपालाने पाठवायला मनाई करणारा १८७३ चा कॉमस्टॉक कायदा आजही रद्द झालेला नाही, आणि विरोधकांचे वकील आता त्याचाच आधार घेऊ लागले आहेत.