जड पाणी आणि पातळ थर

पावसाळ्यात पेट्रोल पंपाजवळच्या डबक्यात रंगीत वलयं दिसतात. तेलाच्या थराच्या वरून आणि तळावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग खुलतात, काही मावळतात. थराची जाडी त्या रंगांतच दडलेली असते.

१९३१ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइन्त्स कीसिग यांनी हाच खेळ निकेलच्या पातळ थरावर क्ष-किरणांनी केला. किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासून सोडायचे, कोन हळूहळू वाढवत न्यायचा आणि किती किरण परततात ते मोजायचं. आलेखात लाटा उमटतात. त्या जितक्या दाटीनं येतात, तितका थर जाड. काही नॅनोमीटरचा थरही असा मापता येतो.

पण क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन. निकेल, सोनं त्यांना ठसठशीत दिसतं. पेशीच्या पटलातल्या स्निग्ध रेणूंच्या शेपट्या मात्र भोवतालच्या पाण्यातून जेमतेम वेगळ्या कळतात, कारण दोन्हीकडे इलेक्ट्रॉनांची दाटी जवळपास सारखीच.

हाच खेळ न्यूट्रॉनच्या झोतानंही खेळता येतो. न्यूट्रॉनला इलेक्ट्रॉनांशी फारसं देणंघेणं नाही, तो अणुकेंद्रावरून विखुरतो. गंमत अशी, की साधा हायड्रोजन आणि त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम (शोध तोही १९३१चाच, हॅरॉल्ड यूरी यांचा) क्ष-किरणांना एकसारखेच वाटतात, पण न्यूट्रॉन विखुरण्याच्या त्यांच्या मापाचं चिन्हच उलटं: हायड्रोजनचं उणे, ड्यूटेरियमचं अधिक. म्हणून साध्या पाण्यात सुमारे ३८ टक्के जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेलं) मिसळलं, की ते न्यूट्रॉनला सिलिकॉनसारखंच दिसतं. थर जिच्यावर बसवतात ती सिलिकॉनची चकती आणि पाणी यांच्यातली सीमा पुसली जाते, उरतो फक्त मधला थर. मला या तंत्रातली ही युक्ती सगळ्यात देखणी वाटते.

मग क्ष-किरण सोडूनच का देऊ नयेत? कारण मोजताना फक्त परतलेल्या किरणांची संख्या हाती लागते, लाटेचा माथा कधी आला हे हरवतं. त्यामुळे एकाच आलेखात दोन वेगळ्या रचना चपखल बसू शकतात. क्ष-किरण आणि दोन-तीन प्रकारच्या पाण्यातले न्यूट्रॉन अशा सगळ्या आलेखांना एकच रचना लागू पडायला हवी म्हटलं, की बरेच चुकीचे अंदाज गळून पडतात. अट एवढीच, की नमुना खरोखर तोच हवा. न्यूट्रॉनचा झोत क्षीण, मोजणीला अनेकदा तास लागतात. तेवढ्यात नाजूक थर बदलला, तर सगळा हिशेब फसतो.

आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५पासूनची ध्रुव अणुभट्टी आहे. तिच्यातही न्यूट्रॉनांचा वेग मंदावायला जड पाणीच वापरतात. तिथे ध्रुवित (चुंबकीय दिशा एकसारखी असलेले) न्यूट्रॉन वापरून चुंबकीय थर तपासतात, कारण न्यूट्रॉन स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. क्ष-किरण सांगतात धातू कुठे संपला, न्यूट्रॉन सांगतात चुंबकत्व कुठे संपलं. या दोन सीमा दर वेळी एकाच जागी असतात असं नाही: थराच्या कडेला कधी कधी धातू असतो, पण त्याचं चुंबकत्व मालवलेलं असतं.