बीबीसी मायक्रोवरील आज्ञांची संहिता: एक खुलासा

नाशिकमध्ये कॉलेज रोडवर जुन्या संगणकांच्या गप्पा निघाल्या, की एक विधान हमखास कानी पडते: १९८४ च्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकावर केवळ बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा चालत असे, शेल स्क्रिप्टसारखी सोय, म्हणजे आज्ञांची संहिता फाइलमध्ये लिहून ती आपोआप चालवणे, ही युनिक्स या कार्यप्रणालीवाल्यांचीच मक्तेदारी होती. हे खरे नाही.

१९८१ च्या या यंत्रातील कार्यप्रणालीला तारांकित आज्ञा समजत, आणि *EXEC या आज्ञेपुढे फाइलचे नाव दिले, की तिच्यातील मजकूर जणू कळफलकावरूनच टंकित होत आहे अशा रीतीने यंत्र तो वाचत असे. डिस्क असल्यास *BUILD ने अशी फाइल ओळीओळीने लिहून एस्केप कळीने संपवता येई. लिहिताना *BUILD पडद्यावर दाखवी ते ओळक्रमांक फाइलमध्ये जात नसत. फाइलला !BOOT हे नाव देऊन *OPT 4,3 ही आज्ञा दिली, की शिफ्ट दाबून ब्रेक दाबताच ती आपोआप चालू लागे.

गैरसमजाचे मूळ कदाचित येथे असावे: *EXEC ला स्वतःच्या अटी किंवा आवर्तने (तीच आज्ञा पुन्हापुन्हा चालवण्याची सोय) नाहीत. मात्र मजकूर कळफलकाच्याच वाटेने येत असल्याने बेसिक चालू असताना त्याच फाइलमध्ये बेसिकची IF (अट) किंवा FOR (आवर्तन) असलेली ओळही लिहिता येते, म्हणजे ज्या बेसिकला पर्याय नाही म्हणून नावे ठेवली जातात, तेच येथे संहितेच्या मदतीला धावते. कॅसेटवरही *EXEC चालते, फक्त धीर हवा.