सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली तर

ऑफिसच्या चेकअपसाठी किंवा पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टमध्ये ‘लिव्हरमध्ये १.८ सेंमीची एकोजेनिक (म्हणजे स्क्रीनवर पांढरी दिसणारी) गाठ’ असं लिहून यावं! माणसाचा जीव टांगणीला लागतो. आमच्या सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर यावरच सगळ्यात जास्त प्रश्न येतात, म्हणून हे पत्रक.

अशा अवचित सापडणाऱ्या भरीव गाठींमध्ये सर्वाधिक आढळते ती हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा गुंता. बायकांमध्ये जास्त. स्क्रीनवर ती पांढरी, रेखीव काठाची आणि बहुधा ३ सेंमीहून लहान दिसते. आत रक्ताच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि त्यांच्या भिंतींवरून ध्वनिलहरी परततात, म्हणून ती पांढरी. त्या पोकळ्यांमधलं रक्त इतकं संथ वाहतं की कलर डॉपलर (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) लावूनही बहुतेकदा रंग उमटत नाही. (मशीन जुनं आहे का, असं विचारणारे भेटतात. मशीनचा दोष नसतो.)

फॅटी लिव्हर असेल तर गोंधळ वाढतो. सगळं लिव्हरच पांढरं झाल्यामुळे हीच गाठ काळपट दिसू शकते. शिवाय पित्ताशयालगत चरबी न साठलेला एखादा पट्टा गाठीसारखा भासतो. तिथे गाठ नसतेच.

एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, लिव्हरच्याच पेशींची वाढ) नावाची गाठ आजूबाजूच्या लिव्हरसारखीच दिसते, त्यामुळे सहज निसटते. तीही निरुपद्रवी. अ‍ॅडिनोमा या तिसऱ्या प्रकारच्या गाठीचं मात्र तसं नाही. वर्षानुवर्षं घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड यांच्याशी तिचा संबंध आहे. ५ सेंमीच्या पुढे गेली की आत रक्तस्राव होण्याची भीती वाढते, क्वचित तिचं कर्करोगातही रूपांतर होतं. तेव्हा जिममध्ये काय घेतलंत ते डॉक्टरांपासून लपवू नका. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर त्यांना बाहेर बसवू.

आमच्या मते गाठ कशी दिसते याइतकंच ती कोणाच्या लिव्हरमध्ये आहे हे महत्त्वाचं. धडधाकट तिशीतल्या बाईंच्या लिव्हरमधला पांढरा ठिपका बहुधा हिमँजिओमाच असतो. तोच ठिपका हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिस असलेल्या, अथवा पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाला दिसला, तर सोनोग्राफीवर थांबून चालत नाही. ट्रायफेजिक सीटी (शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी स्कॅन) किंवा एमआरआय लागतो. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी हा आणखी एक पर्याय. त्यात शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात आणि ते पोचतात तो भाग स्क्रीनवर उजळतो. हिमँजिओमा कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळत हळूहळू मध्याकडे भरत जातो. वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार पडत नाही. ही सोय आमच्याकडे नाही. गरज वाटल्यास रिपोर्टमध्ये तसं लिहून देतो.

गाठीतून सुईने तुकडा काढून तपासा, असा आग्रह स्वतःहून धरू नका. हिमँजिओमात सुईने रक्तस्राव होऊ शकतो.

तपासणीला ६ तास उपाशीपोटी या. घोटभर पाणी आणि बीपीची गोळी चालेल. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा आणि इन्सुलिनबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. लिव्हरचा बराचसा भाग बरगड्यांखाली असतो, म्हणून ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ असं वारंवार सांगू, डाव्या कुशीवरही वळवू. जुने रिपोर्ट आणि फिल्म जरूर आणा. दोन वर्षांपूर्वीही गाठ तेवढीच होती हे त्यात दिसलं, तर पुढच्या बऱ्याच तपासण्या वाचू शकतात.