समन्स घ्यायला कोण आहे?

रात्रीचे साडेनऊ, म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. अमेरिकेतल्या ट्रकची कामं इथून लावणाऱ्या, खराडीतल्या आमच्या डिस्पॅचच्या ऑफिसात हेडसेट चढवून बसायची ही वेळ. मागच्या उन्हाळ्यात तिकडच्या एका नव्या ट्रकमालकाचं काम आलं. गाडी तयार, विमा उतरवलेला, अर्जाचे तीनशे डॉलर भरलेले. पण सरकारी साइटवर परवाना काही चालू दिसेना. ‘भाईसाब, सब तो कर दिया,’ तो बिचारा दर तासाला सांगत होता. सब म्हणजे एक कागद सोडून सब. त्या कागदाचं नाव बीओसी-३.

कागद एका पानाचा. त्यात लिहायचं एवढंच, की आमच्यावर अमुक राज्यात खटला झाला तर कोर्टाचे कागद आमच्या वतीनं तिथला अमुक माणूस घेईल. हा त्याचा पत्ता. या माणसाला तिकडे प्रोसेस एजंट म्हणतात. गाडी चालवण्याशी, मालाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी तो नेमल्याशिवाय अमेरिकेत भाड्याचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचा परवाना सुरू होत नाही. हा हट्ट कुठून आला, ते शोधायला गेलं की दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आपल्याकडे दिवाणी दावा ज्यानं लावलाय त्याला बजावणीचं दुखणं वेगळं सांगायला नको. बेलिफ जातो, ‘घर बंद’, ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून समन्स परत येतं, पुढची तारीख पडते. शेवटी ते दारावर चिकटवायचा हुकूम होतो. पण निदान एक सोय आहे: प्रतिवादी कोलकात्याला असला तरी पुण्याच्या कोर्टाचं समन्स तिथल्या कोर्टामार्फत बजावता येतं, कारण दिवाणी प्रक्रिया संहिता देशभर एकच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं कोर्ट वेगळ्या सार्वभौम सत्तेचं. राज्याची हद्द संपली की कोर्टाचा हातही संपला, असाच तिथला जुना कायदा होता.

हा कायदा पक्का झाला तो ओरेगनमधल्या एका वकिलाच्या थकलेल्या फीवरून. मिचेल नावाच्या वकिलानं नेफ या अशिलावर तीनशे डॉलरहूनही कमी रकमेसाठी दावा लावला. नेफ राज्याबाहेर. मग स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस छापली, नेफ अर्थातच आला नाही, एकतर्फी निकाल झाला आणि नेफची जमीन लिलावात निघाली. ती घेतली कुणी? खुद्द मिचेलनं. त्यानं ती पुढे पेनॉयर नावाच्या गृहस्थाला दिली. नेफ काही वर्षांनी परतला आणि जमीन मागू लागला. १८७८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं नेफच्या बाजूनं निकाल दिला: राज्याबाहेरच्या माणसावर, त्याला राज्यात गाठून समन्स न बजावता, असा पैशाचा निकाल देता येत नाही. (मिचेल तोवर सिनेटर झाला होता आणि पेनॉयर पुढे त्याच राज्याचा गव्हर्नर. नुकसान कुणाचं झालं म्हणायचं?)

घोडागाडीच्या काळात हे चाललं. मोटार आली आणि गणित फिसकटलं. न्यूयॉर्कचा माणूस सकाळी न्यू जर्सीत येतो, कुणाला तरी धडक देतो आणि संध्याकाळी आपल्या घरी जेवायला बसलेला असतो. जखमी माणसानं काय करायचं, न्यूयॉर्कला जाऊन वकील लावायचा? न्यू जर्सीनं उपाय काढला, की बाहेरच्या गाडीवाल्यानं आमच्या रस्त्यावर यायच्या आधी आमच्या राज्याच्या सचिवाला समन्स घेण्यासाठी लेखी नेमावं. केन नावाच्या न्यूयॉर्ककरानं ते केलं नाही, त्याला दंड झाला, तो भांडत वर गेला आणि १९१६ साली हरला.

मॅसॅच्युसेट्सनं तर लेखी नेमणुकीचीही भानगड ठेवली नाही. १९२३ च्या तिथल्या कायद्यानुसार बाहेरच्या माणसानं राज्याच्या रस्त्यावर गाडी घातली, की त्यानं तिथल्या वाहन रजिस्ट्रारला आपला मुखत्यार नेमला असंच धरायचं. समन्स रजिस्ट्रारकडे द्यायचं आणि एक प्रत रजिस्टर टपालानं गाडीवाल्याला पाठवायची. पेनसिल्व्हेनियाच्या हेस नावाच्या माणसानं वूस्टर गावात पावलोस्की याला जखमी केलं, त्या खटल्यात १९२७ साली सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा उचलून धरला. स्टिअरिंग फिरवलं म्हणजे मुखत्यारपत्रावर सही केली, ही निव्वळ कायद्याची कल्पना. पण रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर याहून सरळ तोड दुसरी दिसत नाही.

ट्रकवाल्यांची अडचण याच्या उलटी. ते एका राज्यात अधूनमधून नाही, दहा राज्यांत रोज असतात. त्यात १९२५ साली बक नावाच्या मोटारधंदेवाल्याच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की आंतरराज्य वाहतुकीला ‘आमच्याकडे आधीच पुरेशा गाड्या आहेत’ म्हणून राज्याला नाही म्हणता येणार नाही. राज्यांचा लगाम सुटला आणि केंद्राचा अजून नव्हता. मंदीच्या वर्षांत भाडी कोसळली, कालचा ट्रकवाला आज दिसेना. अखेर ९ ऑगस्ट १९३५ ला रूझवेल्ट यांनी मोटर कॅरिअर कायद्यावर सही केली आणि ट्रक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या हाताखाली आले. हा आयोग १८८७ मध्ये रेल्वेसाठी जन्मलेला. रेल्वे कंपन्यांनी आयोगाच्या नोटिसा घ्यायला वॉशिंग्टनमध्ये एक एजंट ठेवावा, हे १९१० पासूनच चालत आलं होतं. १९३५ च्या कायद्याच्या २२१ व्या कलमानं तीच सवय ट्रकना लावली आणि आणखी एक पाऊल पुढे टाकलं: आयोगाच्या नोटिसांपुरताच नाही, तर ज्या ज्या राज्यात गाडी चालते तिथं कोर्टाचं समन्स घ्यायलाही माणूस नेमा. नेमला नाहीत तर त्या राज्यातल्या तुमच्या कोणत्याही एजंटावर बजावणी चालेल. आजच्या कायद्यातही हे शेपूट जसंच्या तसं आहे.

पुढची पंचेचाळीस वर्षं परवाने मोजके होते, त्यामुळे हे काम वकील आणि ओळखीपाळखीवर निभावलं. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी परवान्यांची बंधनं सैल करून धंदा खुला केला आणि परवानाधारक कंपन्या दहा वर्षांत दुपटीहून जास्त झाल्या. एकाच गाडीचा मालक, गाडी बायकोच्या नावावर, आणि त्याला अठ्ठेचाळीस राज्यांत माणसं नेमायची आहेत! इथून घाऊक एजंटांचा धंदा फोफावला. एक कंपनी सगळ्या राज्यांत आपली माणसं ठेवते, त्यांची यादी सरकारकडे देते आणि ट्रकवाल्याच्या वतीनं एक फॉर्म भरला की देशभराची नेमणूक पुरी. तिकडे त्याला ब्लँकेट एजंट म्हणतात.

१९९५ च्या अखेरीस आयोग गुंडाळला गेला, काम वाहतूक खात्याकडे गेलं आणि १ जानेवारी २००० पासून ते फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या केंद्रीय संस्थेकडे आहे. फॉर्म मात्र टिकला. आजचे नियम थोडक्यात असे, की ट्रक कंपनीनं जिथं माल चढतो-उतरतो तिथंच नाही, तर जिथून गाडी नुसती जाते त्या राज्यातही एजंट हवा. ब्रोकरला, म्हणजे माल आणि ट्रक जुळवून देणाऱ्या दलालाला, मात्र जिथं ऑफिस आहे आणि जिथं करार होतात तेवढीच राज्यं पुरतात. पत्ता रस्त्यावरचा पाहिजे, पोस्टाची पेटी चालत नाही. ट्रक कंपनीला हा फॉर्म स्वतः भरता येत नाही, एजंटानंच भरायचा. ज्या ब्रोकरकडे गाड्याच नाहीत त्याला तो स्वतः भरता येतो. नवे मालक नेमके इथंच अडकतात. आमचाही तिथंच अडकला होता. घरी बसून पान भरून पाठवलं आणि वाट पाहत राहिला.

खासगी मालकीच्या, स्वतःचाच माल नेणाऱ्या गाड्यांनाही हे लागू करायचं २०१३ च्या नियमात ठरलं होतं. सरकारची नवी नोंदणी यंत्रणाच वेळेत उभी राहिली नाही आणि २०१७ च्या जानेवारीत तो भाग स्थगित झाला.

परदेशी कंपन्यांच्या बाबतीत या माणसाची किंमत जास्त कळते. परदेशात समन्स पाठवायचं तर हेग कराराच्या वाटेनं महिनोन्‌महिने जातात. १९८८ साली फोक्सवॅगनच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की देशातच कायदेशीर एजंटावर बजावणी झाली तर कराराचा प्रश्नच येत नाही. तेव्हा मेक्सिकोच्या ट्रकवाल्याचा टेक्ससमध्ये एजंट असणं ही जखमी माणसासाठी फार मोठी गोष्ट आहे. आपल्या कंपनी कायद्यातही हे आहे: २०१३ च्या कायद्याच्या ३८० व्या कलमाखाली परदेशी कंपनीला नोटिसा आणि समन्स घ्यायला भारतात राहणाऱ्या माणसाचं नाव-पत्ता द्यावा लागतो.

वाद अजून मिटलेला नाही तो वेगळाच. कागद घ्यायला माणूस नेमला, म्हणजे त्या राज्यात कशाहीसाठी खटला चालवायला कंपनी राजी झाली का? २०२३ साली मॅलरी या रेल्वे कामगाराच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयानं पेनसिल्व्हेनियाचा तसा कायदा चालवून घेतला. तिथं नोंदणी करणं म्हणजे संमती, असं त्या राज्याच्या कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. बीओसी-३ मागणाऱ्या केंद्रीय कायद्यात तसं वाक्य नाही. मला तरी दोन्ही एका मापानं मोजणं पटत नाही. टपाल घ्यायला शेजाऱ्याला सांगितलं म्हणून घराची किल्ली दिली असं होत नाही.

आणि कच्चा दुवा कुठं आहे तेही आम्हाला रोज दिसतं. एजंटाकडे समन्स पोचलं की कायद्याच्या लेखी बजावणी झाली, पण एजंट ते पुढे पाठवतो मालकानं दिलेल्या शेवटच्या पत्त्यावर. मालकानं घर बदललं, ईमेल बंद पडली, वर्षाची फी चुकवली, तर पाकीट फिरत राहतं आणि तिकडे एकतर्फी निकाल होतो. म्हणजे पुन्हा नेफसारखीच गत, फक्त आता कागदोपत्री समन्स त्याला मिळालेलं असतं.

त्या रात्री अकराच्या सुमारास एजंटानं फॉर्म दाखल केला. मालकाला प्रत पाठवली. त्यानं सगळी यादी वाचली असावी, कारण अर्ध्या तासानं फोन आला: ‘ये मोंटाना वाला कौन है? मैं तो मोंटाना जाता ही नहीं.’ मी म्हटलं, जाल कधीतरी. त्याचं पत्र आलं तर मात्र उघडून बघा.