चेन (आडनाव)

चेन हे चीनमधील लोकसंख्येने पाचव्या क्रमांकाचे आडनाव. वांग, ली, झांग आणि ल्यू ही त्याच्या पुढची. तैवान आणि हाँगकाँगमध्ये मात्र ते पहिले आहे. तैवानात साधारण दर नऊ माणसांत एक जण चेन असतो. चिनी रिवाजाप्रमाणे आडनाव नावाच्या आधी येते. मँडरिन उच्चार खरे तर ‘छन’च्या जवळचा, पण मराठीत ‘चेन’ रूढ झाले आहे.

हे आडनाव एका राज्याच्या नावावरून पडले. इ.स.पू. ११व्या शतकात शांग राजवट उलथवल्यावर झोऊ राजा वू याने पौराणिक सम्राट शून याचा वंशज शोधून काढला. त्या गुई मानला त्याने आपली मुलगी दिली आणि चेन हा प्रदेश जहागीर म्हणून दिला. हा भाग म्हणजे आजच्या हेनान प्रांतातील ह्वाययांग. जुन्या घराण्याचे पितर उपाशी राहू नयेत, त्यांची पूजा चालू राहावी, ही यामागची भावना. नव्या सत्तेची सोयही त्यात होतीच. इ.स.पू. ४७८च्या सुमारास बलाढ्य चू राज्याने चेन गिळंकृत केले. राज्य गेले, पण तिथल्या लोकांनी त्याचे नाव आडनाव म्हणून टिकवले.

त्याआधीच, इ.स.पू. ६७२मध्ये, चेन वान हा राजपुत्र गादीच्या भांडणातून जीव वाचवून छी राज्यात पळाला होता. तिथे त्याचे वंशज त्यान म्हणवू लागले आणि पुढे इ.स.पू. ३८६मध्ये, आश्रयदात्या घराण्याला बाजूला सारून, छीचे अधिकृत राजे झाले. इ.स.पू. २२१मध्ये छिन राज्याने छी जिंकल्यावर या घराण्यातील एक शाखा यिंगच्वान भागात गेली व पुन्हा चेन झाली, असे वंशावळी सांगतात. चेन घराण्यांच्या सभागृहांवर ‘यिंगच्वान’ हे नाव कोरलेले आढळते ते यामुळे.

सगळे चेन एकाच रक्ताचे, हे मात्र खरे मानू नये. इ.स. ४९६मध्ये उत्तर वेई सम्राट श्याओवेन याने स्टेपमधून, म्हणजे उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून, आलेल्या घराण्यांना चिनी आडनावे घ्यायला लावली, तेव्हा होऊमोचेन घराणे चेन झाले. वंशावळींत थोर पूर्वज जोडून घेण्याची हौसही मोठी. आपल्याकडच्या गोत्रासारखेच, समान आडनावात विवाह न करण्याचा दंडक मात्र पूर्वी कसोशीने पाळला जाई.

इ.स. ३११मध्ये राजधानी लुओयांग शत्रूच्या हाती पडल्यानंतर उत्तरेतील लोक लोंढ्याने दक्षिणेकडे सरकले. दक्षिणेतच चेन बाश्यान याने ५५७मध्ये चेन राजवंश स्थापला. तो ५८९पर्यंत टिकला. तांग काळात चेन युआनग्वांग याच्या विनंतीवरून ६८६मध्ये फुजियानमध्ये झांगझोऊ हा जिल्हा निर्माण झाला. या सेनापतीला तिथे आजही देव मानतात. ‘चेन आणि लिन मिळून अर्धे जग’ ही फुजियानी म्हण तिथल्या गावांपुरती तरी फारशी अतिशयोक्त नाही. ग्वांगझोऊमधील चेन कुलमंदिर १८९४मध्ये पूर्ण झाले. ग्वांगदोंगमधील अनेक जिल्ह्यांतल्या चेन घराण्यांनी त्यासाठी वर्गणी काढली होती.

समुद्रापलीकडे बोलीनुसार उच्चार बदलला: कँटनी लोक चान, होक्कियन व तेओच्यू (दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील बोलीसमाज) टान, हाक्का चिन म्हणतात. सिंगापूरमधील चिनी समाजात टान हेच सर्वाधिक आढळते. रबराच्या धंद्यात पैसा कमावून १९२१मध्ये श्यामेन विद्यापीठ उभारणारे टान का की याच आडनावाचे. व्हिएतनाममध्ये ते त्रन झाले. मूळ फुजियानचे मानले जाणारे त्रन घराणे तिथे १२२५ ते १४०० राज्य करीत होते आणि त्याने मंगोल स्वाऱ्या तीनदा परतवल्या.

भारतीय वाचकाची इथे फसगत होऊ शकते. १९३७मध्ये शांतिनिकेतनात सुरू झालेल्या चीना भवन या चिनी अभ्यासकेंद्राचे पहिले संचालक तान युन-शान हे चेन नव्हेत. ते हुनानचे, त्यांचे ‘तान’ हे वेगळ्या चिन्हाने लिहिले जाणारे स्वतंत्र आडनाव आहे.