टपालाने स्वाक्षऱ्या : बेसबॉल कार्डांचा छंद

अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींचा एक जुना छंद. निवृत्त खेळाडूच्या घरच्या पत्त्यावर त्याचे छापील कार्ड, एक पत्र आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले परतीचे पाकीट पाठवायचे. खेळाडूला वाटले तर तो कार्डावर सही करतो आणि ते त्याच पाकिटातून परत धाडतो. संग्राहक याला ‘थ्रू द मेल’ किंवा नुसते ‘टीटीएम’ म्हणतात. सही होऊन आलेले पाकीट म्हणजे ‘सक्सेस’. पत्ता बदलल्यामुळे न उघडताच परत आलेले ते ‘आरटीएस’, म्हणजे ‘रिटर्न टू सेंडर’. सही दुकानातून विकत घेता येते, मैदानाबाहेर तासन्‌तास उभे राहूनही मिळवता येते. टपालाच्या वाटेने जाणाऱ्याला मात्र आधी चार ओळी लिहाव्या लागतात, आणि या छंदाचे खरे मोल त्या चार ओळींत आहे.

बेसबॉल खेळाडूंची चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या पाकिटांतून येऊ लागली. १९०९ ते १९११ या काळातील ‘टी२०६’ या मालिकेतले होनस वॅग्नरचे कार्ड आज जगातील सर्वांत प्रसिद्ध कार्डांपैकी आहे. टपालातून हिंडणारे कार्ड मात्र मुख्यतः ‘टॉप्स’चे. ब्रुकलिनच्या या च्युइंगगम कंपनीने १९५२ मध्ये ४०७ कार्डांची मालिका काढली. साय बर्गर यांनी वुडी गेलमन यांच्यासोबत ती आखली होती. दर्शनी बाजूला खेळाडूचे रंगीत चित्र, संघाचे चिन्ह आणि खेळाडूच्या सहीची छापील नक्कल. मागे जन्मतारीख, गाव, उंची, वजन आणि खेळातली आकडेवारी. त्या छापील सहीखाली खरी सही असावी असे मुलांना वाटले नसते तरच नवल. गावाचे नाव कार्डावरच असे, आणि गाव लहान असेल तर नाव, गाव व राज्य एवढ्यावरही पत्र पोचे. अडीच बाय साडेतीन इंच हा आकार १९५७ मध्ये ठरला तो आजतागायत टिकून आहे. साध्या पाकिटात तो सहज मावतो.

या कार्डांतून खेळाडूंना फार पैसा मिळत नसे. लहान लीगमधल्या तरुणाला करारावर सही केल्याबद्दल टॉप्स पाच डॉलर देई आणि तो मोठ्या लीगमध्ये, म्हणजे देशातील सर्वोच्च पातळीवर, पोचला की वर्षाला १२५ डॉलर. मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेने १९६८ मध्ये हा व्यवहार बदलायला लावला आणि विक्रीतला वाटा मिळवला. त्याआधीच्या पिढीतल्या अनेकांसाठी ते कार्ड म्हणजे आपण मोठ्या लीगमध्ये खेळलो याची हातात धरता येणारी खूण होती. वीस-तीस वर्षांनी कोणी परका माणूस तेच कार्ड पाठवतो तेव्हा इतकी उत्तरे का येतात, हे यावरून कळते.

कार्ड पाठवण्याची पद्धत रुळण्याआधी पोस्टकार्ड होते. १९५१ अखेरपर्यंत अमेरिकेत सरकारी पोस्टकार्ड एका सेंटला मिळे. चाहता स्वतःचा पत्ता लिहिलेले कोरे पोस्टकार्ड पाकिटात घालून पाठवी. खेळाडू मागे सही करून ते पेटीत टाकी. अशा सह्यांवर टपालखात्याचा शिक्का असतो, त्यात गाव आणि तारीख असते. म्हणून जुन्या सह्या पारखणारे लोक या पोस्टकार्डांना फार मानतात. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे १९३९ मध्ये बेसबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा सन्मान करणारे संग्रहालय, उघडल्यावर तिथल्या मानपट्टांची चित्रे असलेली पोस्टकार्डेही सहीसाठी जाऊ लागली. पहिल्या मानकऱ्यांपैकी टाय कॉब मैदानावर कमालीचा तापट म्हणून ओळखला जाई. निवृत्तीनंतर मात्र तो चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देई, आणि त्याची हिरवी शाई संग्राहकांत आजही प्रसिद्ध आहे.

दुसरे टोक ‘शूलेस’ जो जॅक्सनचे. त्याला लिहितावाचता येत नव्हते. घरी येणाऱ्या पत्रांवर त्याच्या नावाने पत्नी केटी सही करी, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या हातची सही अत्यंत दुर्मीळ आहे. केटीने केलेल्या सहीला संग्राहक खोटी म्हणत नाहीत, पण वेगळी मोजतात, आणि ते योग्यच वाटते. त्या घरातून उत्तर आले होते हे तर खरेच आहे.

छंदाला पद्धतशीर रूप आले ते पत्त्यांच्या याद्यांमुळे. १९८० च्या दशकात आयोवा राज्यातील एका संग्राहकाने तयार केलेली निवृत्त खेळाडूंच्या पत्त्यांची पुस्तके या मंडळींच्या हातात असत. कोण हयात आहे, कोण वारले, कोणाचा पत्ता सापडत नाही, हे त्यांतून कळे. त्याच दशकात कार्डांचा पूर आला. न्यायालयाच्या निर्णयामुळे टॉप्सची मक्तेदारी सैल झाली आणि १९८१ पासून ‘फ्लीअर’ व ‘डॉनरस’ या कंपन्याही बाजारात उतरल्या. दशक संपेपर्यंत इतकी कार्डे छापली गेली की गुंतवणूक म्हणून ती कवडीमोल ठरली. टपालाच्या छंदाला ही मंदी मानवली. कार्ड वाटेत हरवले, वाकले किंवा परत आलेच नाही, तरी नुकसान तिकिटाचे आणि पाकिटाचे. अनुभवी संग्राहक मौल्यवान कार्ड टपालात कधीच टाकत नाहीत.

पाकीट भरण्याचेही एक शास्त्र आहे. जुन्या खरखरीत पुठ्ठ्याच्या कार्डावर बॉलपेनही चालते. १९८९ मध्ये ‘अपर डेक’ या कंपनीने गुळगुळीत, चकचकीत कार्डे आणली आणि अशी कार्डे सर्वत्र पसरली, त्यांवर मार्करची शाई थेंबाथेंबांनी फुटते, सहीत बुडबुडे दिसतात. म्हणून पाठवण्याआधी सहीच्या जागी चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने हलकेच घासायची, कापडाने पुसायची, मग कार्ड पारदर्शक पातळ पिशवीत घालायचे. काहीजण खोडरबर वापरतात. कडक प्लॅस्टिकचे कव्हर घातले तर पाकीट यंत्रातून वळत नाही आणि टपालखाते जादा आकार लावते. त्यापेक्षा पातळ पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. निळ्या शार्पी मार्करला पसंती असते, कारण काळी शाई गडद चित्रात हरवते. परतीच्या पाकिटावर ‘फॉरएव्हर’ तिकीट लावतात. अमेरिकी टपालखात्याने २००७ मध्ये काढलेले हे तिकीट पुढे दर वाढला तरी चालते. उत्तर आठवड्यात येते, तसे काही वर्षांनीही येते. पूर्वी मधल्या काळात दर वाढला की परतीचे पाकीट कमी तिकिटाचे ठरे, ती अडचण यामुळे गेली.

पत्र हाताने लिहिलेले, एका पानात मावणारे असावे, आणि त्यात त्या खेळाडूविषयीच काहीतरी असावे, हा संकेत आहे. ‘मी तुमचा सर्वांत मोठा चाहता’ हे वाक्य प्रत्येकाने शंभरदा वाचलेले असते. एखादा सामना, एखादा झेल, त्याच्या गावाच्या संघातले दिवस यांविषयी नेमके विचारले तर कार्डासोबत कधी कधी पानभर उत्तर येते. एक-दोन कार्डे पाठवणे सभ्य समजतात. दहा-बारा कार्डे पाठवून ती विकणारे लोक या छंदाचे मोठे नुकसान करतात. त्यांना आळा घालायला अनेक खेळाडू सहीच्या वर ज्याने मागितली त्याचे नाव घालतात. त्याने बाजारभाव उतरतो म्हणून काही संग्राहक नाराज होतात. पण आपल्या नावाने लिहिलेली ओळ मिळणे हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सुंदर भाग आहे.

सहीच्या बाबतीत हार्मन किलब्रूचे नाव आदराने घेतात. ५७३ होमरन मारणारा हा मिनेसोटा ट्विन्सचा फलंदाज पूर्ण नाव अक्षरन्‌ अक्षर वाचता येईल असे लिही. ट्विन्सच्या तरुण खेळाडूंच्या फराट्यासारख्या सह्या पाहून तो त्यांना बजावी, की नाव असे लिहा की ते कोणाचे आहे हे मुलाला पुढेही वाचता यावे. टोरी हंटरने आपली सही त्यामुळे बदलल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. किलब्रू २०११ मध्ये वारला. त्याच्या सह्यांची कार्डे पाहिली की वळणदार लेखनाचा पाठ समोर ठेवल्यासारखे वाटते. सहीखाली लिहिलेल्या छोट्या नोंदींनाही महत्त्व असते. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, सामन्यात एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न देणारा डॉन लार्सन सहीसोबत त्या सामन्याची तारीख घाली. फलंदाज बॉबी थॉमसन आणि गोलंदाज राल्फ ब्रँका यांनी तर १९५१ च्या ज्या एका चेंडूने एक नायक झाला आणि दुसरा कायमचा पराभूत ठरला, त्याच्या छायाचित्रावर वर्षानुवर्षे शेजारी शेजारी सह्या केल्या.

तरीही या छंदाचा कणा नामांकित खेळाडू नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या पत्रांचा ढीग मोठा. अनेकजण ठरावीक शुल्क घेतात, काही ते धर्मादाय कामाला देतात, काही उत्तरच देत नाहीत. दोन मोसम खेळून परत गावी शेती, विमा किंवा शाळेतली नोकरी करणारा खेळाडू मात्र मनापासून उत्तर देतो. १९८० पूर्वी मोठ्या लीगमध्ये चार वर्षे भरली नाहीत त्याला निवृत्तिवेतन नव्हते. त्या वर्षी नियम सैल होऊन ४३ दिवसांची सेवा पुरेशी ठरली, पण आधी निवृत्त झालेल्यांना तो लागू झाला नाही. २०११ मध्ये त्यांच्यासाठी वर्षाला कमाल १०,००० डॉलरची तरतूद झाली. खेळाने ज्यांना इतक्या सहज बाजूला टाकले त्यांच्या दारात दर महिन्याला दोन-तीन पाकिटे येतात, ही गोष्ट लहान नाही.

कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमधील खेळाडूंच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. वर्णभेदामुळे त्यांच्या ऐन उमेदीत त्यांची कार्डे सहसा निघालीच नाहीत. म्हातारपणी त्यांच्यावर कार्डमालिका निघाल्या तेव्हा पत्रेही सुरू झाली. एकाच दिवशी एका सामन्यात गोलंदाजी आणि दुसऱ्यात कॅचरचे काम केल्याने ‘डबल ड्यूटी’ हे नाव पडलेला टेड रॅडक्लिफ १९०२ मध्ये जन्मला आणि २००५ मध्ये वारला. शंभरी ओलांडलेला हा माणूस चाहत्यांना सह्या देण्यात रमे. मेजर लीग बेसबॉलने या लीगना मोठ्या लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये दिला. तोवर बहुतेकजण गेले होते. १९४३ ते १९५४ या काळात चाललेल्या मुलींच्या व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूंनाही अशीच उशिरा कार्डे आणि पत्रे मिळाली.

अनेक संग्राहक एखादी मालिका पूर्ण सहीची करायचा संकल्प करतात. हे काम मृत्यूच्या बातम्यांशी स्पर्धा करत चालते. काही मालिका तर पूर्ण होऊच शकत नाहीत. शिकागो कब्जचा केन हब्ज फेब्रुवारी १९६४ मध्ये स्वतःचे विमान चालवताना ठार झाला आणि त्या वर्षीच्या मालिकेत टॉप्सने त्याचे श्रद्धांजलीचे कार्ड काढले. त्यावर सही करणारा हात उरला नव्हता. रोबेर्टो क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत नेताना विमान अपघातात गेला. त्याचे १९७३ चे कार्डही असेच कायमचे विनासही.

खोट्या सह्यांचा बाजार मोठा आहे. सॅन डिएगोचा टोनी ग्विन याने आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या बनावट सह्या असल्याचे लक्षात आणून दिले होते. तिथे एफबीआयने चालवलेल्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये १९९९ साली बनावट सह्या करणारी मोठी टोळी पकडली गेली, जप्त मालात मदर तेरेसांच्या नावाने सही केलेले बेसबॉलही होते. टपालातून आलेली सहीही डोळे मिटून खरी मानता येत नाही. यंत्राने, सचिवाने किंवा घरच्या माणसाने ती केलेली असू शकते. एकाच खेळाडूच्या दोन सह्या रेघ न रेघ जुळल्या तर त्या यंत्राच्या समजाव्यात, कारण माणसाचा हात तंतोतंत तीच सही पुन्हा काढत नाही. शुल्क घेऊन सह्या तपासणाऱ्या संस्था आहेत. शिवाय अपर डेकने १९९० मध्ये रेजी जॅक्सनच्या सहीची २,५०० कार्डे पुड्यांत टाकली आणि पुढे कंपन्यांनीच खात्रीच्या सह्या विकायला सुरुवात केली. बाजाराला त्या सह्या सोयीच्या आहेत, पण त्यांत पत्र नाही.

अमेरिकेबाहेरून पत्र पाठवणाऱ्याला परतीच्या पाकिटावर अमेरिकेचेच तिकीट लावावे लागते. पूर्वी त्यासाठी परदेशात तिकिटाच्या बदल्यात चालणारे आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन पाठवीत. आता बरेचजण परदेशी टपालासाठी असलेले ‘ग्लोबल फॉरएव्हर’ तिकीट मागवून ठेवतात. २०२० मध्ये साथीमुळे मोसमाची सुरुवात २३ जुलैपर्यंत लांबली आणि मैदाने प्रेक्षकांविना राहिली, तेव्हा सही मिळवायचा टपाल हाच मार्ग उरला आणि पत्रे पुन्हा वाढली.

पत्राने विचारपूस करण्याची रीत संशोधकांनीही वापरली. हॉल ऑफ फेमचे इतिहासकार ली ॲलन हे १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंचा माग काढत होते. निवृत्त खेळाडूंनी स्वतःच्या हाताने भरून पाठवलेल्या प्रश्नावल्या कूपर्सटाउनच्या ग्रंथालयात आहेत. १९७१ मध्ये तिथेच स्थापन झालेल्या बेसबॉल संशोधन संस्थेचे सदस्य खेळाडूंची चरित्रे लिहितात, तेव्हा एखाद्या छंदिष्टाला आलेले दोन ओळींचे उत्तरही त्यांच्या उपयोगी पडते : खरे जन्मवर्ष कोणते, दुखापत कधी झाली, खेळ सोडल्यावर कोणत्या कारखान्यात काम धरले.